अशा बाईला आई म्हणू नये

९ सप्टेंबर, मंगळवार

कुताह्याच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत मी सत्तावीस वर्षं काढली. तिथला नियम असा, की चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. निवृत्त झाल्यावरही वही लिहायची सवय सुटली नाही, आणि नियमही तोच ठेवला आहे.

आज हिवाळ्याच्या सुपासाठी तरहान्याचं आंबवलेलं पीठ वाळत घातलं. बैठकीच्या खोलीभर चादरी पसरल्यात, त्यामुळे नवऱ्याला, रिफातला, आपल्या खुर्चीपर्यंत भिंतीला अंग घासत जावं लागतं. तीस वर्षं साखर कारखान्यात यंत्रांवर हुकूम गाजवला, पण घरात पिठावर पाय पडेल म्हणून जीव मुठीत धरून चालतो.

थोडं पीठ टीव्हीखालच्या पेटीवरही उडालं. ते पुसताना पुन्हा तोच विचार आला. ही पेटी कसली आहे हे समोरच्या सेविमला माहीत नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही आणि लेकीला, इपेकलाही नाही. कोण काय बघतं ते मोजणारी कंपनी देशभरातली थोडी घरं निवडते आणि त्यांच्या बघण्यावरून सगळ्या देशाचं बघणं ठरवते. दोन वर्षांपूर्वी आमचं घर निघालं. कुणाला सांगायचं नाही अशी सही घेतली आहे. रिमोटवर आकडे आहेत. एक रिफातचा, दोन माझा, आठ पाहुण्यांचा. खोलीत आलं की आपला आकडा दाबायचा, उठून गेलं की पुन्हा दाबायचा. मी आजवर एकदाही चुकले नाही. चहा ओतायला उठले तरी दाबून जाते.

अडचण अशी झाली, की आमची इपेक जुलैपासून ‘उंबरा’ मालिकेच्या लेखकांत आहे. घरचं कुणी टीव्हीच्या कामाला लागलं तर लगेच कळवावं, असंही त्याच कागदात आहे. मी अजून कळवलेलं नाही. उद्या कळवीन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कळवलं नाही.

दुपारी इपेकचा फोन आला.

“आई, गुरुवारी आठला नवा हंगाम सुरू. बघशील ना?”

“बघेन की. तुझं नाव येतं का?”

“शेवटी येतं, पळत. डोळे मिचकावलेस तर जाईल.”

मग जरा थांबून म्हणाली, की मागचा हंगाम पार आपटला होता. वाहिनीनं आता तीनच भाग दिलेत. तेवढ्यात आकडे आले नाहीत तर मालिका बंद आणि सगळे लेखक घरी.

“घरी म्हणजे इकडे?”

“घरी म्हणजे रस्त्यावर, आई. कुताह्याला काही मी येणार नाही.”

बसची वेळ सांगावी तसं सांगून टाकलं. मला लागलं ते इथे लिहिते, दुसरं कुठे लिहिणार? घटस्फोटाला चार वर्षं झाली. बायरामच्या सणाला येते, अर्धा दिवस बसते, बुटाची नाडीसुद्धा पुरती सोडत नाही.

मी असं काय केलं हिचं? लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात उशाकच्या सासरहून एकदा आली होती, सकाळच्या पहिल्या बसनं, तोंड पाडून. नव्या संसारात भांड्याला भांडं लागायचंच. जेवू घातलं आणि दुपारच्या बसनं परत पाठवली. कुठल्याही आईनं हेच केलं असतं. पुढे दोन वर्षांनी तिनं त्याला सोडलं आणि आमच्या गावावरून सरळ इस्तंबूलला गेली. त्या सकाळी एक शब्द बोलली असती, तर मी का पाठवली असती?

संध्याकाळी मोजणीच्या कंपनीतल्या बाईंचा, एसिन हानमचा, वर्षाचा चौकशीचा फोन आला. “घरातलं कुणी वाहिनीत, जाहिरातीत, मालिकेत काम करतं का?”

“नाही,” मी म्हटलं. सत्तावीस वर्षं लोकांच्या खोट्या जन्मतारखा पकडल्या, आणि स्वतःचं खोटं इतकं सहज निघालं.

पण आमचं एक घर हजारो घरांच्या बरोबरीचं धरतात. ते लेकीच्या कामी येणार नसेल तर कुणाच्या येणार?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल पहिला भाग झाला. सेविम, तिच्या दोन्ही सुना आणि खालच्या मजल्यावरच्या चौघी, अशा सात जणींना बोलावलं. शेगडीवर दोन चहादाण्या, पालकाचं बोरेक, परातभर सूर्यफुलाच्या बिया. त्या दारात बूट काढत होत्या तेवढ्यात मी आठचं बटण दाबलं. पेटी विचारते, पाहुणे किती? सात दाबायचे, मी पंधरा दाबले.

आता मालिकेविषयी. मागच्या हंगामात नुसती हॉटेलवाल्या भावांची भांडणं होती. या वेळी बुर्साच्या एका हवेलीतली नवी बाई आणली आहे. सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत, कॉफी पिणार तीही सोनेरी काठाच्या कपात. तिची परक्या गावी दिलेली मुलगी एका सकाळी दारात येऊन उभी राहते. काही बोलत नाही. गळ्याचा स्कार्फ सैल करते, तर खाली बोटांचे वळ. आई बघते. मग काय करते, तर तो स्कार्फ स्वतःच्या हातानं पुन्हा घट्ट बांधते, गाठ नीट बसवते आणि म्हणते, “महिनाभर दम धर, सगळं जागेवर बसतं.” आणि पोरीला परत गाडीत बसवते.

खोलीत बिया फोडायचा आवाज थांबला. सेविम म्हणाली, “अगं बाई, ही आई की कसाई?” मीही म्हटलं, की असली माणसं लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच असतात. खरी आई असं करायची नाही.

रिफात त्याच प्रसंगाला उठून गॅलरीत गेला. त्याला मालिकांचं वावडं आहेच. त्याचा एकचा आकडा मी तसाच चालू ठेवला.

आज सकाळी दहाला आकडे आले. सगळ्या प्रेक्षकांच्या यादीत नववी, शिकल्यासवरल्यांच्या यादीत चौथी. इपेकनं संदेश पाठवला, “नववी म्हणजे दवाखान्यात. अजून दोन भाग.” माझ्या पंधरा पाहुण्यांनी काहीच झालं नाही याचं मला नवल वाटलं.

अकराला एसिन हानमचा फोन.

“नेबाहत हानम, काल आठ ते साडेअकरा तुमच्याकडे पंधरा पाहुणे होते?”

“सुंता होती.”

“तुमच्याकडे? कुणाची?”

“शेजारच्या मुलाची. त्यांची खोली लहान आहे.”

“आणि पंधराच्या पंधरा जण साडेतीन तास ‘उंबरा’ बघत होते?”

“मग काय पोराकडे बघत बसायचं?”

ती हसली. पण तिनं लिहून घेतलं, पेनाचा आवाज मला ओळखू येतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सेविम फोन घेऊन आली. त्या हवेलीवाल्या बाईवर सगळा देश तुटून पडला आहे. कॉफी निवून गेली तरी हिचं वाचन संपेना. कुणी म्हणतं तिच्या बांगड्या वितळवून तिच्याच घशात ओता. ट्राब्झोनच्या एका आजीनं लिहिलं, की मी टीव्हीवर चप्पल फेकली आणि काच फुटली, आता वाहिनीनं नवा टीव्ही द्यावा. एकानं तर नटीलाच बाजारात गाठून विचारलं म्हणे, तुम्हाला लाज वाटत नाही का?

“नेबाहत ताई, तुम्ही पण सांगा ना काहीतरी. तुमचं बोलणं कसं कागदावर छापल्यासारखं असतं.”

मला फोनवर लिहिता येत नाही, म्हणून मी सांगितलं आणि तिनं तिच्या नावानं टाकलं. मी सांगितलं ते असं: “मी हजारो जन्मांच्या नोंदी पाहिल्यात. आईच्या रकान्यात नाव असलं म्हणून कुणी आई होत नाही. पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्या अशा बाईला आई म्हणू नये.”

जेवणाच्या वेळेला सेविम धावत आली. चार हजार लोकांना ते आवडलं होतं. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. रिफातला वाचून दाखवलं. तो सूप पीत होता, चमचा खाली ठेवला आणि तरहाना कधी चाळणार म्हणून विचारलं. या माणसाला कशाचं म्हणून कौतुक नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा भाग सगळ्या प्रेक्षकांत चौथा आला. लोक त्या बाईला शिव्या द्यायला बसतात, पण बसतात. या वेळी मी पाहुणे सातच दाबले.

इपेकचा फोन आला तेव्हा आवाजात जीव होता. वाहिनीवाले आता रोज विचारतात म्हणे, आईचं पुढे काय करणार?

“आणि आई, सेविम मावशीला सांग, तिचं वाक्य आमच्या खोलीत भिंतीवर लावलंय. आईच्या रकान्याचं. लिहिताना आम्ही सगळे त्याच्याकडे बघतो.”

मला राहवलं नाही. “सेविमला कुठलं सुचायला? ते माझं आहे. मीच सांगितलं तिला.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तू?” ती म्हणाली. “तू म्हणालीस हे? त्या बाईला?”

“हो. का? चुकलं काही?”

“तू तो प्रसंग पाहिलास? पूर्ण?”

“दोनदा. दुपारी पुन्हा लावतात.”

“आणि तरी तुला...” म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. निरोप घेतला नाही. मी परत लावला तर उचलला नाही. तोंडभर कौतुक करायचं सोडून रागवायचं, हे काय झालं? कदाचित सेविमच्या नावानं टाकलं ते आवडलं नसेल. तसं असेल तर सेविमला सांगून माझं नाव घालून घेईन.

२७ सप्टेंबर, शनिवार

तरहाना चाळत होते. रिफात आला आणि माझ्यासमोर चादरीच्या कडेला बसला. हे तो कधी करत नाही.

“इपेक का रागावली ते तुला खरंच कळलं नाही?”

“नाही. तुला कळलं असेल तर सांग.”

“नेबाहत, ती बाई तुला ओळखू आली नाही?”

“बुर्साची ती? माझ्या कुठल्या ओळखीची?”

“त्या डिसेंबरात कारखान्याचा हंगाम चालू होता. मी रात्रपाळी करून येऊन मागच्या खोलीत पडलो होतो. तुला वाटलं झोपलोय. भिंत पातळ आहे. ‘महिनाभर दम धर, सगळं जागेवर बसतं.’ शब्द न् शब्द तोच आहे.”

चाळणी हातातच राहिली. मी म्हटलं, “असं तर सगळ्याच म्हणतात.”

“म्हणतात.”

“जागा होतास तर उठून बाहेर का नाही आलास?”

“सहा वर्षं तेच विचारतोय स्वतःला,” तो म्हणाला. त्याच्या हाताला पीठ लागलं होतं. त्याच हातानं त्यानं डोळे पुसले आणि भिंतीला न चिकटता, सरळ चादरीवरून पाय देत बाहेर गेला.

संध्याकाळ झाली तरी मी तिथेच. वही घेऊन बसले आहे.

थंडी होती म्हणून मी तिचा स्कार्फ बांधला.

वरच्या वाक्यावर रेघ मारली आहे. नेबाहत.

तिनं स्कार्फ काढला होता. जिन्यातला दिवा लागलेला होता आणि उजेड भरपूर होता. गळ्याच्या डाव्या बाजूला चार बोटं, उजव्या बाजूला अंगठा. समोर सेविमच्या दाराची कडी वाजली. मी इपेकला आत ओढली आणि पहिलं काम ते केलं. गाठ मारताना मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, गाठीकडे पाहिलं. नंतर जेवणभर मी उशाकच्या हवेविषयी बोलत होते.

ती एक शब्द बोलली नाही असं मी याच वहीत वर लिहिलं आहे. तिनं दाखवलं होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल काही लिहिलं नाही.

आज दुपारी इपेकचा फोन. मला धसका बसला, कारण सोमवारी ती कधी करत नाही. आवाज कचेरीतल्यासारखा होता.

“कामाचं विचारायचंय. गुरुवारच्या भागात मुलगी परत येते. सहा वर्षांनी. दार वाजवते, आई उघडते. उद्या चित्रीकरण आहे आणि आई काय म्हणते ते ठरत नाहीये. आम्ही आठ जण दोन दिवस भांडतोय. मी म्हटलं, एका प्रेक्षकाला विचारून बघते.”

मला कळलं, ती कुणाला विचारते आहे. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. रिफात घरात नव्हता, तरी लावून घेतलं.

“ती म्हणेल,” मी म्हटलं, “ती म्हणेल, मी पाहिलं होतं. स्कार्फ थंडीसाठी बांधला नव्हता. शेजारणीनं बघू नये म्हणून बांधला.”



“आणि मग? रडते? माफी मागते?”

“नाही. माफी मागितली की पोरीला ती द्यावी लागते. सहा वर्षांनी दारात आलेल्या पोरीवर आणखी ते काम कशाला टाकायचं? मी पाहिलं होतं, एवढं म्हणून ती दारातून बाजूला होईल. पोरीला आत यायचं तर येईल, नाहीतर जाईल.”

मग म्हणाली, “हळू सांग, आई. लिहून घेते.”

मी हळू सांगितलं. कचेरीत लेखनिकाला सांगायचे तसं, एकेक शब्द. मधे माझा आवाज गेला तेव्हा ती थांबली. पुढचा शब्द तिनं आपणहून घातला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

काल एसिन हानमला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं. लेक, पाहुणे, सुंता. ती म्हणाली, “तुमच्याइतकं काटेकोर घर माझ्याकडे दुसरं नव्हतं.” मी म्हटलं, ते कुठे लिहून ठेवू नका. दोन्ही आठवड्यांच्या मोजणीतून आमचं घर काढून टाकणार आहेत.

आज दोन माणसं येऊन पेटी घेऊन गेली. सेविम जिन्यात उभी होती. काय बिघडलं म्हणून विचारत होती. मी म्हटलं, जुनं होतं, चुकीचं दाखवत होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल आम्ही दोघंच बसलो. कुणाला बोलावलं नाही. कुठलं बटण दाबायचं नव्हतं तरी माझं बोट रिमोटवर जात होतं.

दार वाजलं. बाईनं उघडलं, मुलीला पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि बांगड्यांसकट कोसळली. मुलीनं किंकाळी फोडली. मग व्हायोलिनं, रुग्णवाहिका, दवाखान्याचा लांबलचक बोळ. बाईच्या तोंडावर प्राणवायूची नळी, आणि मुलगी तिचा हात कपाळाला लावून म्हणते, “मी तुला कधीच माफ केलंय, तू फक्त डोळे उघड.” घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं. माझं एक अक्षर त्यात नव्हतं. रिफात या वेळी उठला नाही. शेवटपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिला.

नावांच्या पाट्या संपतात न संपतात तोच सेविम दारात. नाक लाल. “बिचारी हो. मी किती काय काय बोलले तिला. आई ती शेवटी आईच, नाही का ताई?” आज सकाळी ती फोन घेऊन पुन्हा आली. ट्राब्झोनच्या त्या आजीनं बाईच्या प्रकृतीसाठी दुआ मागितली आहे. सगळ्या देशानं एका रात्रीत तिला माफ केलं. सेविमनं माझं वाक्य रात्रीच काढून टाकलं होतं, आता शोभत नाही म्हणाली.

साडेदहाला इपेकचा फोन आला. मागे गलका होता, टाळ्या, कुणीतरी केक कापा म्हणत होतं.

“पहिली, आई. सगळ्या प्रेक्षकांत पहिली. पूर्ण हंगाम मिळाला.”

“ऐकलं. सेविमनं सांगितलं. हातांना यश येवो.”

“तुझं वाक्य काढलं. मी शेवटपर्यंत भांडले. वाहिनीवाले म्हणाले, तिनं असं म्हटलं तर लोक तिला कधीच माफ करणार नाहीत.”

“बरोबर आहे त्यांचं.”

मग चालल्याचा आवाज, एक दार लागल्याचा आवाज, आणि मागचा गलका बंद झाला.

“आई.”

“हं.”

“पुन्हा सांग ना.”

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. या वेळी ती लिहून घेत नव्हती.